तुळशीराम मागे वळून बघत नाही

२० जानेवारी, सोमवार

या वहीतली शेवटची नोंद गेल्या अकरा मार्चची आहे आणि तीही अर्धीच. 'आज ठरवलं की' इथे संपलेली. काय ठरवलं होतं ते आता आठवत नाही. दहा महिने एक ओळ लिहिली नाही याबद्दल स्वतःचीच माफी मागते. कारण कामाचा व्याप वगैरे नाही. कारण लाज.

चाकणजवळ निघोज्याच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे पत्र्याचे भाग तयार होतात. मी तिथे वेल्फेअर ऑफिसर. दरवर्षी चार मार्चला सुरक्षा दिन असतो आणि त्या दिवशी कामगारांनी करायचं पंधरा मिनिटांचं नाटुकलं गेली अकरा वर्षं मी लिहिते. एम.ए. मराठीचा माझ्या आयुष्यात झालेला तेवढाच उपयोग. गेल्या वर्षी त्यात तुळशीराम नावाच्या कामगाराची दोन बोटं पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये जातात. जखमी हात छातीशी धरून तो बायकोला म्हणतो, "रुक्मिणी, माझ्या अंतःकरणात पश्चात्तापाचा डोह भरून आला आहे. तुझ्या डोळ्यांत आज मला माझाच पराभव दिसतो." असं सव्वा पान. साडेचारशे माणसं हसली. बोटं तुटल्यावर. मागून कुणीतरी म्हणालं, आधी दवाखान्यात तरी न्या त्याला, भाषण नंतर करू द्या.

आज प्लांट हेड साहेबांनी बोलावून सांगितलं की यंदा जमलं तर जमलं, नाहीतर पुढच्या वर्षीपासून पुण्याची एजन्सी कार्टून फिल्म करून देणार आहे. त्यात एक बोलकं हेल्मेट आहे. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमच्या बायका छान असतात. पुरुषांचं तेवढं बघा."

हेल्मेटला माझी जागा मिळणार ही कल्पना सहन होत नाही. सहा आठवड्यांत मला एक खरा पुरुष लिहायला शिकायचं आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

आज गुरुवारची साप्ताहिक सुट्टी. गेल्या वर्षीची संहिता धनेशला वाचून दाखवली. तुळशीरामच्या भाषणाला त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "यात चूक काय आहे? माणूस असाच बोलतो."

तेव्हा लख्खकन कळलं. तुळशीराम म्हणजे धनेश. माझा नवरा हिंजवडीहून घरी आला की बूट काढता काढता आपल्या मनात काय काय चाललंय ते क्रमवार सांगतो. ट्रॅफिकमध्ये अगतिक वाटलं, मग बॉसबद्दल करुणा वाटली, मग स्वतःच्या करुणेचा संशय आला. बावीस वर्षं मी हे ऐकते आहे. हाच पुरुष, असं समजून अकरा वर्षं त्यालाच लिहीत आले. आणि टूलरूममधला अजिंक्य, जो नाटकात कायम सुपरवायझर होतो, त्याचं मत असं की "असा माणूस आमच्या गावात न्हाई, चाकणात न्हाई, जगात बी नसंल."

धनेशला सांगितलं की यंदा नमुना म्हणून तुला वगळते आहे. तो दुखावला. का दुखावला हेही त्याने सांगितलं. वीस मिनिटं लागली.

२८ जानेवारी, मंगळवार

शुक्रवारी गेटबाहेरच्या टपरीवर गेले होते. पुरुष आपसात कसे बोलतात ते ऐकावं म्हणून. सात-आठ जण उभे होते आणि लांबून हसण्याचा आवाज येत होता. मी पोहोचले तशी हसणं थांबलं, एकाने सिगारेट पाठीमागे धरली, दुसऱ्याने स्टूल पुढे केलं आणि तिसरा म्हणाला की हेल्मेटचा पट्टा बांधणं किती गरजेचं आहे यावरच आमची चर्चा चालली होती.

साडेचारशे पुरुषांत अठरा वर्षं काम करते आहे आणि बाई नसताना दोन पुरुष काय बोलतात ते मी आयुष्यात कधी ऐकलेलं नाही, ऐकणं शक्यही नाही. मी गेले की पुरुष संपतात आणि कामगार सुरू होतात.

मोबाइल तिथे विसरल्यासारखा ठेवून रेकॉर्डिंग करावं असं एकदा मनात आलं. दोन दिवस तो विचार बाळगला, मग फार हीन वाटलं. आज परवानगी घेऊन ठेवला. घरी ऐकला. सगळ्यांनी आधी आपलं नाव, टोकन नंबर आणि विभाग सांगितलाय, मग पाऊणएक मिनिट शांतता, मग अजिंक्यचा आवाज, "बोला की रं कायतरी, मॅडमची बॅटरी जातीय."

३ फेब्रुवारी, सोमवार

नवं लिहून होईपर्यंत तालीम जुन्याच संहितेवर. तुळशीरामच्या कामासाठी एकच माणूस आला. प्रेस शॉपचे सयाजीराव. मूळ परभणीकडचे, सत्तेचाळीस वर्षांचे, एकोणीस वर्षं त्याच ऐंशी टनी प्रेसवर. शॉपमध्ये मोठा मान. पत्रा हातात धरून जाडी सांगतात. नाटकात येतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी एकच मागितलं, सगळ्यांचे संवाद लिहिलेला कागद आधी मिळावा. स्वतःचेच नाहीत, सगळ्यांचे. दोन दिवसांनी सगळं पाठ करून आले. नाटकाला इतकं गांभीर्याने घेणारा कामगार मी पाहिला नाही.

रुक्मिणीचं काम पॅकिंगमधली दिव्या करते आहे. पॅकिंगला अठ्ठावीस बायका आहेत, त्यांची ही पुढारी. आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी म्हणाली की मॅडम, ह्या रुक्मिणीला पगार मिळतो का? नसेल तर ती इतका वेळ त्याचं ऐकून का घेते?

१० फेब्रुवारी, सोमवार

आज तालमीत एक घटना घडली. ती नीट, काही न गाळता लिहून ठेवायला हवी.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात तालीम. तुळशीराम पाठमोरा बसून डबा उघडतो आहे, मागून रुक्मिणी विचारते, "आज उशीर का झाला?" यावर त्याने अर्धं पान बोलायचं असतं. सयाजीराव काही बोललेच नाहीत. दिव्याने पुन्हा विचारलं. तरी नाही. डब्यातली चटणी बोटाने सारखी करत बसले. मग तिच्या पायांची सावली दिसली तसे सावकाश वळले, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हां. बघू."

संहितेत 'हां, बघू' असं कुठेही नाही.

कँटीनमध्ये बसलेल्या बायका खदखदून हसल्या. दिव्या खरोखर चिडली होती आणि ते इतकं खरं दिसलं की मी हातातली संहिता मिटली. माझ्या अर्ध्या पानात जे नव्हतं ते त्या गप्प पाठीत होतं.

रात्रीचा स्वयंपाक धनेशवर सोपवून लिहायला बसले. इतकी वर्षं पुरुषाला काय बोलायला लावायचं याचाच विचार केला. तो कुठे बोलत नाही, हे बघितलंच नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गेले तीन दिवस सयाजीरावांचं निरीक्षण करते आहे. चोरून नव्हे, पण त्यांना सांगूनही नाही. या दोन्हींच्या मध्ये एक पट्टा असतो, मी सध्या त्यात उभी आहे. सापडलं ते असं.

चौघे एकदम बोलत असले की ते सगळ्यांकडे सारखंच हसून बघतात. विनोद झाला की सगळ्यांच्या मागून हसतात. मी याला धीरगंभीरपणा म्हणते. बसताना नेहमी भिंत पाठीशी घेतात आणि बोलणाऱ्याला आपल्या उजव्या हाताला ठेवतात. (वर्चस्व? की संरक्षण?) प्रश्नाला सरळ उत्तर नाही. 'हां', 'बघू', 'तसंच कायतरी', यातलं एक. फोन आला की बाहेर निघून जातात आणि स्वतःच बोलत राहतात, पलीकडच्याला बोलू देत नाहीत. काल मी विचारलं की घरी कोण कोण असतं, तर म्हणाले, चहा घेता का.

यातून एक सिद्धांत हाती लागतो आहे. उत्तर देणं म्हणजे आपला ताबा दुसऱ्याच्या हाती देणं, म्हणून पुरुष उत्तर देत नाही. ऐकलंच नाही असं दाखवणं ही त्याची ढाल आहे.

वाक्य वाचून बरं वाटलं. मग संशय आला की बरं वाटलं म्हणून ते खरं ठरत नाही. एका नमुन्यावरून मी जगातल्या निम्म्या माणसांबद्दल बोलते आहे. पण दुसरा नमुना घरात आहे आणि तो आत्ता बाल्कनीत आईशी फोनवर आपल्या पित्ताबद्दल बोलतो आहे. तो काही धरता येत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नवी संहिता वाचली. यात बोटं तुटत नाहीत. तुळशीराम घरी येतो, जेवतो, बायको बोलत राहते, तो ऐकत नाही. कामावर जातो, सुपरवायझर सूचना देतो, तो 'हां' म्हणतो. शेवटी मागून ओरडून दिलेल्या इशाऱ्यालाही तो वळून बघत नाही आणि पत्र्यांचा क्रेट अंगावर येता येता तो थोडक्यात वाचतो. संदेश असा की घरी न ऐकणारा कामावरही ऐकत नाही. त्याची सगळी मिळून एकोणीस वाक्यं आहेत. गेल्या वर्षी एकशे बारा होती.

वाचून झाल्यावर अजिंक्य म्हणाला, "आता ह्यो मानूस हाय." अकरा वर्षांतली पहिली दाद.

सयाजीरावांनी कागद हातात घेऊन स्वतः वाचला. शेवटच्या पानावर बराच वेळ थांबले. मग त्यांनी विचारलं, "हे कुणावरून लिवलंय, मॅडम?" मी म्हणाले, कल्पनेतून. हे खोटं आहे, वहीत तरी कबूल करते. त्यांनी मान हलवली. "मानूस बरा हाय. बायको उगं लई चिडायलीय त्याच्यावर." एवढंच.

मग त्यांनी एक सूचना केली. दिव्याने आपली वाक्यं त्यांच्या समोर येऊन, तोंडाकडे बघत म्हणावीत. प्रेक्षकांना दोघांचे चेहरे दिसतात, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. रंगमंचाची काय जाण आहे या माणसाला. मी मान्य केलं. मात्र शेवटचा इशारा मागूनच यायला हवा, त्यावर मी ठाम राहिले. तेवढ्यासाठी, वेळ चुकू नये म्हणून, त्यांनी अजिंक्यला पाय आपटायला सांगितलंय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

प्रयोग म्हणून धनेशला विनंती केली की आज संध्याकाळी माझ्या प्रश्नांना उत्तर देऊ नकोस, मला काय वाटतं ते तपासायचं आहे. अकरा मिनिटं टिकला. मग म्हणाला की न बोलल्यामुळे आपल्याला आपण घरात नसल्यासारखं वाटतं आहे, आणि हे मी लिहून घ्यावं. लिहून घेतलं.

४ मार्च, मंगळवार

झालं. घाईत लिहिते आहे, अक्षराकडे दुर्लक्ष व्हावं.

शेडमध्ये मांडव, घरच्या लोकांना निमंत्रण, पुढे खुर्च्यांवर साहेब आणि मागे सतरंजीवर बायका-मुलं. पहिल्या 'हां, बघू' लाच मागून हशा उसळला तो शेवटपर्यंत थांबला नाही. कितीतरी बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. एक तर पदर तोंडात धरून रडेपर्यंत हसली. क्रेट येतो त्या क्षणी मात्र सगळं चिडीचूप झालं. त्या शांततेसाठी मी आणखी अकरा वर्षं लिहीन.

प्लांट हेड साहेबांनी व्यासपीठावर सांगितलं की पुरुषाच्या स्वभावाचं इतकं अस्सल चित्रण त्यांनी पाहिलं नाही. बारा तारखेला भोसरीच्या नाट्यगृहात कंपन्यांची स्पर्धा आहे, तिथे आम्हाला पाठवणार. हेल्मेटचा विषय निघाला नाही.

नंतर सयाजीरावांच्या पत्नी यशोदाबाई मला शोधत आल्या. माझा हात धरला आणि सोडेचनात. "बाई, तुमाला आमच्या घरातलं कसं कळलं?" मी म्हणाले की सगळे पुरुष असेच असतात. पदर सावरून त्या म्हणाल्या, "सगळेच असतेत का? मला आपलं वाटायचं, माझ्यावरच राग हाय. सात-आठ वर्षं झाली की."

एका नाटुकल्याने एका बाईच्या मनावरचा आठ वर्षांचा दगड उतरला. साहित्य याहून दुसरं काय करतं? (हे वाक्य उद्या पुन्हा वाचून खोडावं की ठेवावं ते ठरवते.)

६ मार्च, गुरुवार

खोडलं नाही, पण खाली एक शंका जोडते.

सगळ्या बायका हसल्या नाहीत. आठवून बघितलं. ऑफिस स्टाफच्या बायका सौम्य हसल्या, पेंट शॉपवाल्यांच्या मधूनमधून. पॅकिंगच्या बायका तर दिव्याचा चिडका आवाज आला तेवढ्यापुरत्याच. त्यातली एक नंतर म्हणाली की मॅडम, आमचा नवरा रिक्षा चालवतो, तो इतका बोलतो की गिऱ्हाईक आधीच्या चौकात उतरतं. जीव जाईस्तोवर हसल्या त्या डाव्या बाजूच्या पंचवीस-तीस जणी, प्रेस शॉपवाल्यांच्या घरच्या. एकत्र बसल्या होत्या.

याचा अर्थ लावायला दुपार घालवली. आधी वाटलं प्रदेशाचा फरक असेल, मराठवाड्यातला पुरुष अबोल आणि कोकणातला बोलका. पण प्रेसला कोकणातलेही आहेत. मग वाटलं, वयाचा असेल. धनेशने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हसल्या त्यांचे नवरे एकाच ठिकाणी काम करतात, याचा काही संबंध असेल का?" मी म्हणाले, कामाचा काय संबंध, स्वभाव माणूस घरून घेऊन येतो. तो म्हणाला की आपलं मत नेहमी असंच बाजूला ठेवलं जातं आणि त्याचं त्याला काय वाटतं ते...

ऐकून घेतलं. अपराधी वाटतं, पण मधे उठून भात बघून आले.

८ मार्च, शनिवार

सकाळी महिला दिनाचा कार्यक्रम. मला आग्रह झाला म्हणून 'पुरुष समजून घेताना' या विषयावर दहा मिनिटं बोलले. ढालीचा सिद्धांत मांडला. टाळ्या मिळाल्या. ही आज दुपारच्या आतली गोष्ट आहे हे आत्ता खरं वाटत नाही.

कार्यक्रम संपल्यावर आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर आम्रपाली कागद घेऊन आल्या. कान तपासणारी व्हॅन मंगळवारी अकरा तारखेला येते आहे, यादी सोमवारपर्यंत द्यायची. मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांची ही वार्षिक तपासणी. व्हॅनमध्ये एका वेळी एक माणूस, कानाला हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. दरवर्षी यादी मीच करते, म्हणजे गेल्या वर्षीच्या यादीवर तारीख बदलते.

सिस्टर जाता जाता म्हणाल्या, "नाटक मस्त होतं मॅडम. आमचे प्रेसवाले अगदी तस्सेच. दवाखान्यात मागून नाव पुकारलं तर एकही वळत नाही, प्रत्येकाच्या समोर जाऊन उभं राहावं लागतं. मी तर समजत होते, तुम्ही कानांवरच लिहिलंय."

मी हसून हो म्हणाले. का म्हणाले? त्या गेल्यावर यादी बाजूला सारून तालमी एकेक करून आठवल्या.

पाठमोरं बसणं. उजवा हात. मागून येणारं हसू. सगळ्यांच्या संवादांचा कागद. आपटलेला पाय.

मी एक पुरुष लिहिला असं समजत होते. मी प्रेसच्या आवाजाचे पंच्याण्णव डेसिबल लिहिले होते. आणि वर त्याचा सिद्धांत केला, माइकवर.

मग फाइल काढली. सयाजीराव तीन वर्षं तपासणीला गैरहजर. तिन्ही वेळा रजा. कारण, गावची जत्रा, गावची जत्रा, गावची जत्रा. तिन्ही अर्जांवर खाली सही माझी. एक जत्रा जूनमध्ये होती.

इअर प्लग आम्ही देतो, ते खिशात असतात हे मला ठाऊक आहे. प्रेसचा आवाज जरा बदलला की डायला, म्हणजे साच्याला, तडा गेला हे जुन्या माणसाला कळतं, प्लग घातले की ते कळत नाही, म्हणून चांगला कामगार कान उघडे ठेवतो. अकरा वर्षं मी बोटांवर नाटकं लिहिली. बोट तुटलेलं दाखवता येतं. गेलेला कान दिसत नाही, म्हणून त्याचं नाटक होत नाही असं वाटलं असेल. आणि झालं तेव्हा ते स्वभावाचं झालं.

आता प्रश्न असा. तपासणीत नापास झालेल्याला प्रेसवरून काढून पॅकिंगला देतात. सयाजीरावांचं नाव यादीत घातलं आणि रजा नाकारली तर अकराला निकाल लागेल, त्या अपमानानंतर ते येणार नाहीत आणि बाराला भोसरीत तुळशीराम नसेल. नाही घातलं तर व्हॅन वर्षभराने येईल. नाटक जाईल आणि हेल्मेट येईल, या भीतीने मी दहा मिनिटं नाव न घालायची कारणं शोधली. तीन सापडली, तिन्ही चांगली वाटली. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी स्वतःबद्दल बरं वाटलं तर वाचता येईल.

९ मार्च, रविवार

जेवणाच्या सुट्टीत सयाजीरावांच्या समोर जाऊन बसले. बरोब्बर समोर. कँटीनमध्ये गोंगाट होता. मी हळू पण ओठ नीट हलवत म्हणाले की तुळशीराम कल्पनेतून नव्हता आला, मी तुमच्याकडे बघून लिहिला. आणि मला तेव्हा काही कळलं नव्हतं.

ते भाकरी मोडत होते. म्हणाले, "मला वाचलं तवाच कळलं होतं."

"मग तुम्ही काम सोडलं का नाही?"

त्यांनी घास खाल्ला. मग ते बोलले, आणि माझ्या ऐकण्यातलं त्यांचं हे सगळ्यात लांब बोलणं होतं. "नाटकात बरं असतंय, मॅडम. समोरचा काय बोलनार ते आधीच ठाऊक असतंय. घरी तसं नसतंय. शॉपवर बी नसतंय. हितं पंधरा मिन्टं मला सगळं येतंय."

घरी काय परिस्थिती आहे ते विचारलं. ते सांगू लागले की चार तारखेपासून यशोदाबाई समोर येऊन बसतात आणि मग बोलतात, नाटकातल्या दिव्यासारख्या. त्यांना कानाचं सांगितलेलं नाही. "तिला वाटायलंय, नाटकाचा परिनाम हाय." मी म्हणाले, सांगा. ते म्हणाले, बघू. मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "न्हाई, हे खरंखुरं बघू हाय."

मग मी यादीचं काढलं. त्यांनी भाकरी खाली ठेवली आणि एक जुनी गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी प्रेसवरून एकाला पॅकिंगला पाठवलं, तर सगळा शॉप त्याला वहिनी म्हणायला लागला, तो सहा महिन्यांत नोकरी सोडून गेला. हे मला माहीत नव्हतं. माझ्या फाइलमध्ये 'वैयक्तिक कारण' आहे. सयाजीराव म्हणाले, एकोणीस वर्षं प्रेसवर काढली, आता खोकी चिकटवायला बसवू नका.

शेजारच्या टेबलावरून दिव्या म्हणाली, "का हो दादा, खोकी चिकटवून आमचे हात झडले का?"

त्यांनी ऐकलं नव्हतं. मी त्यांच्याकडे तोंड करून तिचं वाक्य पुन्हा म्हटलं. ते ओशाळले.

मी सांगितलं की त्यांचं एकट्याचं नाव जाणार नाही. प्रेस शॉपचे चौतीसच्या चौतीस जण जाणार, रजेचा एकही अर्ज मी घेणार नाही. कुणाच्या बायका किती हसल्या ते मी पाहिलंय. चौतीसातले पंचवीस नापास झाले तर पंचवीस जणांना पॅकिंगला पाठवून प्रेस कोण चालवणार? मग साहेबांना प्रेसभोवती आवाज अडवणाऱ्या भिंती घालाव्या लागतील, कान झाकणारे चांगले मफ आणावे लागतील, माणसं आळीपाळीने बदलावी लागतील. हे होईलच असं मला छातीठोक सांगता येत नाही, हेही सांगितलं.

"प्रेस मी चालवीन की," दिव्या म्हणाली. "शिकवा फक्त."

हे मात्र त्यांनी ओठांवरून ओळखलं आणि हसले, या वेळी सगळ्यांच्या आधी. डबा बंद केला, पाणी प्याले, तोंड पुसलं. उठताना टेबलावर हात ठेवून म्हणाले, "घाला नाव. पन पयलं नको. शेवटचं बी नको. कुठंतरी मधी टाका."

बारा तारखेला भोसरीला येणार का, ते मी विचारलं नाही. तीनदा ओठावर आलं होतं. धनेशला हे सांगितलं, तर तो म्हणाला, मग तुला आत्ता नेमकं कसं वाटतंय? मी म्हणाले, बघू.

उद्या: प्रेस शॉपची यादी टाइप करून सिस्टरकडे देणे, सयाजीराव सतरा नंबरला.